खाडीकांठचा बाक

मनांतली अवघड गोष्ट समोरासमोर बसूनच सांगितली पाहिजे, असें आपण एकमेकांना नेहमीं बजावीत असतों. माझा अनुभव मात्र अगदीं उलट आहे. समोरासमोर बसलेलीं माणसें वाद घालूं शकतात, सोयरिकी जुळवूं शकतात, फार तर पानावर बसून आमटीच्या मिठाची चर्चा करूं शकतात. पण ज्या बोलण्याला महिना-महिना तोंड फुटत नाहीं, त्याला समोरच्याचे डोळे आपल्यावर रोखलेले असतांना तोंड फुटणें कठीण. न्हाव्यापाशीं मनुष्य एवढा मोकळा कां होतो? न्हावी पाठीमागें उभा असतो म्हणून! आमच्या आईच्या आणि काकूच्या साऱ्या मसलती बिरड्याचे वाल सोलतांना होत, त्याचें कारणहि तेंच. दोघींच्या नजरा परातींत असत.

हें तत्त्व मीं कोणा मानसशास्त्रज्ञाच्या ग्रंथांतून घेतलेलें नाहीं. भाईंदरच्या खाडीकांठीं असलेल्या एका बाकानें तें मला शिकविलें. आणि तेंहि उतारवयांत, जेव्हां आपल्याला आतां शिकण्यासारखें कांहीं उरलें नाहीं अशी माझी समजूत झाली होती तेव्हां.

भाईंदर पूर्वेला, रेल्वेच्या पुलापासून जवळच, वसईच्या खाडीच्या कांठीं फिरावयाची एक जागा केलेली आहे. जेसल पार्क नांवाची वसाहत तिच्या पाठीशीं आहे, म्हणून लोक तिला जेसल पार्कची चौपाटी म्हणतात. गिरगांवच्या चौपाटीवर लहानाचा मोठा झालेल्या मला हें नांव प्रथम ऐकून हंसूं आलें होतें. तेथला वाळूचा तो ऐसपैस पसारा कोठें, आणि हा बांधून काढलेला कांठ, थोडीं झाडें, मुलांचे झोपाळे व त्यांच्यापलीकडे दिसणारा खाडीचा चिखल कोठें! परंतु माणसाचा अभिमान जसा वयाबरोबर झिजतो, तसें माझें हंसूंहि झिजलें. आतां कोणी पाहुणा आला कीं मीच त्याला म्हणतों, "चला, जरा आमच्या चौपाटीवर जाऊन येऊं." गणपतींत येथें विसर्जनाची दाटी होते, छठपूजेला उत्तर हिंदुस्थानांतलीं कुटुंबें याच कांठावरून मावळत्या सूर्याला अर्घ्य देतात, आणि एरव्हीं रोज संध्याकाळीं निम्में भाईंदर येथें वारा खायला येतें.

आम्हीं १९८४ सालीं येथें बिऱ्हाड केलें तेव्हां असें कांहींच नव्हतें. नगरपरिषदसुद्धां नव्हती, ती १९८५ त आली, आणि २००२ त तिची महानगरपालिका झाली. त्या वेळीं गाडी स्टेशनांत शिरण्यापूर्वींच रुळांच्या आजूबाजूला मिठागरें दिसूं लागत. उधाणाचें पाणी उघाडीतून आंत घ्यावयाचें, बांधानें कोंडावयाचें, एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत खेळवीत उन्हानें आटवावयाचें, आणि शेवटच्या उथळ वाफ्यांत मीठ धरलें कीं तें ओढून बांधावर त्याची रास घालावयाची, असा तो उद्योग पावसाळा सरल्यापासून पुन्हां पाऊस लागेपर्यंत चाले. उन्हांत त्या पांढऱ्या राशींकडे पाहतांना डोळे दिपत.

खाडी ही मात्र त्या काळीं गांवाची मागची बाजू होती. आमच्या इमारतीच्या मोऱ्यांच्या खिडक्या तिकडे, आणि दिवाणखाने रस्त्याकडे. कोणाला कांहीं टाकून द्यावयाचें असलें तर तो खाडीकडे जाई. घरांत जसें एखादें म्हातारें माणूस माजघराच्या कोपऱ्यांत असतें, त्याच्या जिवावर घर उभें असतें, आणि पाहुण्यांना मात्र तें दाखवीत नाहींत, तशी त्या खाडीची अवस्था होती. पुढें माणसें वाढलीं. २००१ च्या खानेसुमारींत या शहराची वस्ती पांच लाख वीस हजारांवर भरली, आणि २०११ त ती आठ लाखांच्या पलीकडे गेली. एवढ्या माणसांना बसावयाला जेव्हां घरें पुरेनात, तेव्हां कोठें सर्वांना पाण्याची आठवण झाली. शहरानें तोंड फिरविलें, आणि जी मागची बाजू होती ती पुढची झाली.

यंदाच्या माघांतली गोष्ट. सुटीचा दिवस होता. आम्ही पांचहि जणांनीं खाडीवर जावें असा बूट आमच्या चिरंजीवांनीं काढला, तेव्हांच मला नवल वाटावयास हवें होतें. सुटीच्या संध्याकाळीं त्याच्या मांडीवर लॅपटॉप असतो, आणि हांक मारली तर तो "हं" म्हणतो. परंतु घरांतून बाहेर पडण्याच्या गडबडींत नवल करावयास सवड कोणाला? मध्यम वर्गांतलें कुटुंब सहकुटुंब फिरावयास निघतें, तेव्हां तो एक मुलूखगिरीचाच प्रकार असतो. सौभाग्यवतींनीं पाण्याच्या बाटल्या, चिवडा आणि, वारा सुटला तर असावी म्हणून, शाल घेतली. सूनबाईंनीं नातीचा स्वेटर घेतला. नातीनें, म्हणजे नऊ वर्षांच्या मनूनें, पतंगाची फिरकी घेतली आणि पतंग घरीं ठेवला. तो आणावयास मला पुन्हां तीन जिने चढावे लागले. पांचाला निघावयाचे ते आम्ही साडेपांचाला खाडीवर पोंचलों.

नेहमींचा बाक रिकामा होता. त्यावर बसलें कीं तोंड उत्तरेला येतें. डाव्या हाताला रेल्वेचा पूल, समोर पाणजू बेटाची हिरवी किनार, आणि उजवीकडे घोडबंदरच्या बाजूला गेलेलें खाडीचें रुंद वळण. हें सारें पाणी उल्हास नदीचें. बोरघाटाच्या बाजूच्या डोंगरांत निघून ती कर्जत-कल्याणावरून येते, आणि साष्टी बेटाच्या उत्तर अंगानें समुद्राला मिळते. पण त्या क्षणीं पाणी असें फारसें नव्हतेंच. मधल्या ओहोळांत काय असेल तेवढें. बाकी सगळा काळाभोर, ओला, चकाकणारा चिखल.

"आजोबा, पाणी कुठं गेलं?" मनूनें मोठ्या नाराजीनें विचारलें. जणूं काय तें मींच कोठें तरी ठेवून विसरलों होतों.

"येईल," मीं म्हटलें. "आज दशमी ना? म्हणजे साडेसाताला भरती. तूं तोंवर चिखल पाहा."

चिखल पाहा, असें नातीला सांगणारा आजोबा विक्षिप्त म्हणावा लागेल. पण खाडीचा चिखल खरोखरच पाहण्यासारखा असतो. तिवरांच्या बुंध्यांभोंवतीं शेंकडों टोकदार मुळ्या जमिनींतून वर आलेल्या असतात. चिखलांत हवा शिरत नाहीं, म्हणून हें झाड श्वास घ्यावयासाठीं आपल्या मुळ्याच वर पाठवितें. त्यांच्यामधून निवट्या टुणटुण उड्या मारतात. मासा असून जमिनीवर हिंडणारा आणि डोक्याच्या माथ्यावर डोळे असणारा हा प्राणी पाहून मनू फिरकी-पतंग दोन्हीं विसरली. एक बगळा एका पायावर उभा राहून आपलें जेवण चालत येण्याची वाट पाहत होता. लोकांनीं टाकलेल्या पिशव्या आणि बाटल्याहि तेथें होत्या. त्या नसत्या तर बरें झालें असतें. परंतु पाणी नाहीं म्हणजे कांहींच नाहीं, हा जो आपला ग्रह असतो तो चिखल पाहिल्यावर टिकत नाहीं.

पुलावरून गाडी धडधडत गेली. दारांत उभ्या असलेल्या एका गृहस्थानें निर्माल्याची पिशवी खाडींत भिरकावली आणि भक्तिभावानें हात जोडले. मला राहवलें नाहीं. मीं मनूला जवळ घेऊन सांगावयास सुरुवात केली, कीं १८६७ सालच्या १२ एप्रिलला विरारहून मुंबईकडे पहिली लोकल गाडी निघाली, तिच्या थांब्यांच्या यादींत भाईंदरचें नांवहि नाहीं. पण 'पंजे' असें नांव आहे. पंजे म्हणजेच हें समोरचें पाणजू! आज तेथें गाडी थांबत नाहीं, आणि बेटावरच्या लोकांना होडीची वाट पाहावी लागते. पुलाच्या पलीकडे खाडी जेथें समुद्राला मिळते तेथें वसईचा किल्ला. आणि आपल्या बाजूला उत्तनकडे डोंगरीवर धारावीचा कोट. धारावी हातीं आली म्हणून वसईची समुद्राकडची वाट रोखतां आली, आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. तेथली एक घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर अजून आहे...

"आजोबा," मनू म्हणाली, "ती निवटी पाहा, दुसरीशीं भांडते आहे."

मास्तरकींतून निवृत्त झालेल्या मनुष्याला श्रोता मिळणें किती दुर्घट आहे, हें ज्याचें त्यालाच ठाऊक. ती कठड्याकडे पळाली. तिच्या मागोमाग तिची आई गेली. आणि आश्चर्य असें कीं, "मीहि पाहतें" म्हणून सौभाग्यवतीहि उठल्या. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें देवळाच्या चार पायऱ्या न चढणारी बाई निवट्या पाहावयास उठली, तेव्हां तरी मला कांहीं उमगावयास हवें होतें. बाकावर आम्ही दोघेच उरलों. मी आणि मुलगा. दोघांचींहि तोंडें खाडीकडे.

बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. पुलाखालून पाण्याची एक बारीक जीभ डावीकडून उजवीकडे सरकूं लागली होती. मग खाडीकडे पाहतच तो म्हणाला, "बाबा, मला बंगळूरला चांगलं काम मिळतं आहे. एप्रिलपासून. हिलाही तिथं बदली मिळेल. मनूची परीक्षा झाली कीं आम्ही तिघं जावं म्हणतों."

वाचकहो, माझ्या मनांत त्या वेळीं जें आलें तें मीं येथें लपवून ठेवीत नाहीं. 'हें घर मग कोणासाठीं केलें?' हेंच वाक्य माझ्या ओठांशीं आलें होतें. सत्तरीला आलेल्या बापाच्या ओठांशीं तें आपोआप येतें. त्याला शिकवावें लागत नाहीं. रोज पहांटेची गाडी धरून, लोंबकळत जाऊन, कर्जाचे हप्ते फेडून जें केलें, त्याचा हिशेब त्या एका वाक्यांत मी त्याच्या पदरांत घालणार होतों. आम्ही दोघे घरांत समोरासमोर बसलेले असतों, तर घातलाहि असता. पण तो माझ्याकडे पाहत नव्हता, आणि मी त्याच्याकडे पाहत नव्हतों. दोघेहि पाण्याकडे पाहत होतों. आणि तें पाहतां पाहतां मला एकाएकीं आप्पा आठवले.

आप्पा म्हणजे माझे वडील. मुंबईच्या गोदींत ते कारकून होते. जहाज गोदींत घेण्याची वेळ भरतीवर ठरावयाची, त्यामुळें तिथि आणि भरती यांचें गणित त्यांच्या जिभेच्या टोंकावर असे. तिथीची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल त्या वाजतां भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेनंतर पुन्हां प्रतिपदेपासून मोजावयास लागावें. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां येतो, म्हणून भरतीहि तेवढीच मागें पडते, असें शास्त्र सांगतें. आप्पांच्या हिशेबांत पाऊण तास, म्हणजे पंचेचाळीसच मिनिटें होतीं. "वरच्या पांच मिनिटांची समुद्राला सूट," ते म्हणत.

गिरगांवांतल्या चाळींत आमच्या दोन खोल्या होत्या आणि आम्ही नऊ माणसें होतों. लग्न होऊन मला मुलगा झाला, हाच मुलगा, आणि तो रांगूं लागला तेव्हां त्याला रांगावयास जागा नाहीं असें आढळून आलें. भाईंदरला जागा आमच्या आवांक्यांत होती. मीं ती पाहिली, पैसे ठरविले, आणि मग एक महिनाभर ही गोष्ट आप्पांना सांगूं शकलों नाहीं. रोज रात्रीं जेवतांना ते माझ्या समोर बसत. रोज मी तोंड उघडीं, आणि "जरा कोशिंबीर वाढा" असें कांहींतरी बोलून मिटवीं.

शेवटीं एका संध्याकाळीं ते मला आणि नातवाला घेऊन चौपाटीवर गेले. वाळूंत आम्ही शेजारीं-शेजारीं बसलों. समोर समुद्र होता. मीं समुद्राकडे पाहत त्यांना सांगून टाकलें.

ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "आज अष्टमी. भरती सहाची. बघ, पुरी झाली." आणि थोड्या वेळानें, "पाणी आहे का तिकडे?"

"आहे ना," मीं उत्साहानें सांगितलें. "इमारतीच्या मागंच खाडी आहे."

आप्पा मोठ्यानें हंसले. "अरे, पिण्याचं!"

पिण्याच्या पाण्याची रडच होती. तेंहि मीं सांगितलें. त्यांनीं मान हलविली. वाळूची मूठ भरून बोटांतून गाळीत ते म्हणाले, "माणसानं घर करतांना आधीं पाणी पाहावं. बाकी सगळं मागाहून होतं." एवढेंच. घर सोडून कां जातोस, आम्हीं काय कमी केलें, थोरल्याला काय वाटेल, यांतलें एकहि अक्षर त्यांनीं काढलें नाहीं. नातवाच्या पायांची वाळू झाडली आणि त्याला उचलून घेतलें.

ते आमच्याकडे कायमचे राहावयास कधींच आले नाहींत. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं यावयाचे. जेवण झालें कीं इमारतीच्या मागें जाऊन, लोकांनीं टाकलेला केरकचरा चुकवीत, खाडीच्या बांधावर उभे राहावयाचे. मीं निघतांना त्यांना वचन दिलें होतें कीं, दर आठवड्याला गिरगांवांत येऊन जाईन. पहिले दोन महिने तें पाळलें. मग गाडीची गर्दी, शाळेचे पेपर, मुलाचा ताप, असें एकेक कारण मिळत गेलें. मनुष्याला कारणांचा तुटवडा कधींच पडत नाहीं. एकदां असेच बांधावर उभे असतांना आप्पा मला म्हणाले, "आपल्या चौपाटीवरचीच भरती ही. तिथं आधीं येते, मग इथं. खाडींत शिरायला तिला थोडा वेळ लागतो इतकंच." आणि माझ्याकडे न पाहतां पुढें म्हणाले, "तुझ्यासारखाच तिलाहि उशीर होतो. पण ती दिवसांतून दोनदां येते."

त्यांच्या आवाजांत राग नव्हता. असता तर मीं उलट उत्तर दिलें असतें, आणि तें बोलणें विसरूनहि गेलों असतों. आप्पांना जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. तें वाक्य मात्र गेलेलें नाहीं.

"बाबा," मुलगा हलकेच म्हणाला, "तुम्ही कांहीं बोलत नाहीं."

पाणी आतां तिवरांच्या मुळ्यांपर्यंत आलें होतें. बगळा दोन पावलें मागें सरला होता. सूर्य पुलाच्या मागें गेला होता, आणि पुलावरून जाणाऱ्या गाडीच्या खिडक्यांतून त्याचा तांबूस उजेड लुकलुकत होता. ओठांवर आलेलें तें वाक्य मीं गिळलें. गिळतांना तें किती बोंचतें हें मला त्या दिवशीं कळलें. आणि चाळीस वर्षांपूर्वीं अष्टमीच्या संध्याकाळीं आप्पांनीं काय गिळलें असेल, तेंहि त्याच दिवशीं कळलें.

"तिकडे पाणी कसं आहे रे?" मीं विचारलें.

मुलाला हा प्रश्न चमत्कारिक वाटला असावा. "कावेरीचं येतं, बाबा," तो म्हणाला. "उन्हाळ्यांत थोडी ओढ असते." मग तो थांबला, आणि एकदम भरून आल्यासारखा बोलूं लागला. महिनाभर सांगावयाचें राहून गेलेलें सगळें त्यानें सांगितलें. येथल्या कामांत मन लागत नाहीं. रोज जाण्यायेण्यांत चार तास जातात. मनूला बापाचें तोंड झोंपतांना दिसतें. आणि तुम्हां दोघांना येथें टाकून जातों आहे या विचारानें त्याला स्वतःला रात्र-रात्र झोंप लागत नाहीं. मीं ऐकलें. मधेंच एकदां त्याचा हात माझ्या हाताशेजारीं बाकावर आला. आम्ही दोघांनींहि तो पाहिला नाहीं असें दाखविलें.

मंडळी परत आली तेव्हां मीं गंभीर मुद्रेनें सौभाग्यवतींना म्हटलें, "ऐकलंत का? मुलगा बंगळूरला जातो आहे."

"ठाऊक आहे," त्या शालीची घडी मोडीत म्हणाल्या. "सूनबाईनं मला आठ दिवसांपूर्वींच सांगितलं. वाल सोलतांना."

घरांतली बातमी कर्त्या पुरुषाला सर्वांच्या शेवटीं कळते, हें सनातन सत्य आहे. त्याबद्दल मी तक्रार करीत नाहीं. त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या आणि निवट्यांकडे त्यांचें मुळींच लक्ष नव्हतें, हें मला दिसत होतें. त्यांनीं चिवड्याचा डबा उघडला. आम्ही पांच जण त्या एका बाकावर दाटीदाटीनें बसलों, आणि सर्वांनीं पाण्याकडे पाहत चिवडा खाल्ला.

"आजोबा, बंगळूरला समुद्र आहे का?" मनूनें विचारलें.

"नाहीं."

"मग भरती?"

"भरतीहि नाहीं. तळीं आहेत म्हणतात."

ती विचारांत पडली. तिच्या दृष्टीनें त्या साऱ्या प्रकरणांतली ही पहिली खरी अडचण होती. तेव्हां मीं तिला आप्पांचें गणित शिकविलें. तिथि घ्यावयाची, तिचे चार भाग करावयाचे, त्यांतले तीन ठेवावयाचे. दहाचे चार भाग अडीच-अडीचचे. तीन भागांचे साडेसात. "म्हणजे तूं तिकडे बसूनसुद्धां मला सांगूं शकशील, इथं पाणी केव्हां येणार तें." तिनें बोटांवर दोन-तीन तिथि करून पाहिल्या. समोर दशमीचा चंद्र बराच वर आला होता. साडेसातला घड्याळ पाहिलें तेव्हां चिखल सारा झांकला गेला होता, तिवरें कमरेपर्यंत बुडालीं होतीं, आणि खाडी अशी शांत व भरलेली दिसत होती कीं, दोन तासांपूर्वीं येथें कांहीं निराळें होतें हें खरेंहि वाटूं नये.

परीक्षा आटोपल्या, आणि ठरल्याप्रमाणें मंडळी गेली. त्या दिवशीं स्टेशनावर काय झालें तें सांगत नाहीं. ज्यांचीं मुलें गेलीं आहेत त्यांना तें ठाऊक आहे, आणि ज्यांचीं जावयाचीं आहेत त्यांना कळेलच. मुलानें जातांना दर महिन्याला येण्याचें वचन दिलें. मीं त्याला तें देऊं दिलें नाहीं. "जमेल तेव्हां ये," म्हटलें. वचन मोडणाराला तें किती जड जातें, याचा अनुभव माझ्या पदरीं होता.

घर मोठें झालें. पूर्वीं ज्या दिवाणखान्यांत पांच माणसांची अडचण होई, तेथें आतां आम्ही दोघें समोरासमोर बसतों, आणि आमटीच्या मिठाखेरीज बोलण्यासारखें फारसें सांपडत नाहीं. म्हणून संध्याकाळीं आम्ही बाकावर जातों. तेथें मात्र सौभाग्यवती पुष्कळ बोलतात. लग्नानंतर चाळीस-बेचाळीस वर्षांत मला न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्यांनीं या दोन महिन्यांत खाडीला सांगितल्या, आणि शेजारीं बसल्यामुळें त्या माझ्याहि कानांवर पडल्या.

वैशाखांत एका दुपारीं मनूचा फोन आला. आवाजांत केवढी ऐट! "आजोबा, मीं कॅलेंडरांत पाहिलं. आज दशमी. पांच वाजतां भरती आहे. बाकावर जाऊन बसा हं!"

दशमीला पांच नव्हेत, साडेसात. तिनें चार भाग बरोबर केले होते. पण तीन ठेवावयाच्या ऐवजीं दोनच ठेवले होते. मास्तर म्हणून उभा जन्म काढलेल्या माझ्या जिभेवर चूक दुरुस्त करण्याचा शब्द आलाच होता. पण मीं म्हटलें, "बरं, जातों."

आणि पांचाला आम्ही दोघेंहि बाकावर जाऊन बसलों. ऊन चांगलेंच होतें. समोर चिखल होता. निवट्या भांडत होत्या. पुलावरून गाड्या जात-येत होत्या. सौभाग्यवतींनीं एकदां माझ्याकडे पाहिलें. पण पाणी कां नाहीं, असें त्यांनीं विचारलें नाहीं.

आम्ही बसून राहिलों. अडीच तासांनीं पाणी आलें.